पिकअपचा लाईट मंद का पडतो? मोठा बल्ब टाकण्याआधी वायरिंगचा हा विषय समजून घ्या

रात्रीचा दीड वाजलेला असतो. जुन्नर तालुक्यातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप ओतूर मागे टाकते आणि माळशेज घाट उतरायला लागते. पहाटेच्या आत माल वाशीच्या मार्केटला लागला पाहिजे, उशीर झाला तर भाव हातचा जातो. बाहेर पाऊस, धुकं आणि समोर हेडलाईटचा उजेड म्हणजे रस्त्यावर पडलेले दोन पिवळट डाग. कठडा कुठे आहे हे दिसण्यापेक्षा सवयीनं ओळखायचं.

असे दोन-चार फेरे झाले की ड्रायव्हर गॅरेजला गाडी लावतो आणि सांगतो, "लाईट कमी पडतोय, मोठा बल्ब टाक." साठ वॉटच्या जागी शंभर वॉटचा बल्ब बसतो. पहिल्या रात्री रस्ता लख्ख दिसतो. काही दिवसांनी डॅशबोर्डमधून प्लास्टिक जळाल्याचा वास येतो, होल्डर तपकिरी पडतो आणि एखाद्या रात्री दोन्ही लाईट एकदमच जातात.

यात गंमत अशी की बऱ्याच गाड्यांमध्ये दोष बल्बचा नसतोच. बल्बपर्यंत पोहोचायला हवी ती वीज वाटेतच गळत असते. ही गळती कशी होते, ती कशी मोजायची, रिले किट टाकून नेमकं काय बदलतं आणि हे करताना कुठे चुकलं तर गाडीला आग लागू शकते, हे सगळं ओळीनं बघू.

आधी हेडलाईटचा साधा हिशोब

आपल्याकडच्या कितीतरी पिकअप, छोटे टेम्पो आणि जीपमध्ये एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब १९७१ पासून वापरात आहे. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. मागे तीन पिना असतात: एक डिपरला, एक अप्परला आणि एक अर्थिंगला.

बल्बवर ६०/५५ असा आकडा दिसतो. म्हणजे अप्परला ६० वॉट, डिपरला ५५ वॉट. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर करंट ओढतो. दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. हा १० अँपिअरचा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा विषय त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं १२ व्होल्टच्या गाड्यांबद्दल आहे. मोठ्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा २४ व्होल्टची सिस्टीम असते. १२ व्होल्टचे बल्ब किंवा रिले तिथे चालत नाहीत.

मग उजेड जातो कुठे?

विहिरीवरची मोटार चालू आहे, पण पाईपलाईन बारीक, लांबलचक आणि जागोजागी सांधे मारलेली. मोटारीजवळ पाण्याला जोर असतो, शेवटच्या वाफ्याला मात्र नुसती धार. पाणी कमी आलं म्हणून कुणी वाफा बदलत नाही, पाईप बघतो. हेडलाईटचंही तसंच आहे.

रिले नसलेल्या जुन्या गाडीत वीज बॅटरीतून निघते आणि फ्यूजमधून डॅशबोर्डकडे जाते. तिथून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये येते, म्हणजे ज्या दांडीनं आपण डिपर-अप्पर मारतो तिथे. मग परत फिरून बोनेटखाली बल्बपर्यंत पोहोचते. बल्बमधून निघाल्यावर अर्थिंगच्या वायरनं बॉडीला आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला. हा फेरा सहज चार-पाच मीटरचा होतो. त्यात मध्ये स्विचचे पॉइंट, कपलर, फ्यूजच्या पट्ट्या आणि पावसानं गंजलेला अर्थिंगचा बोल्ट.

यातली प्रत्येक गोष्ट थोडं थोडं व्होल्टेज खाते. हिशोब करून बघू. १ स्क्वेअर एमएम तांब्याच्या ५ मीटर वायरचा विरोध साधारण ०.१ ओहम असतो. दोन्ही बल्बचा १० अँपिअर करंट त्यातून गेला की नुसत्या वायरमध्येच जवळपास १ व्होल्ट खर्ची पडतो. स्विच आणि जुने कपलर यांचा वाटा वेगळा. गाडी जुनी होते तसे पॉइंट काळे पडतात आणि हा खर्च वाढत जातो.

खर्ची पडलेली ही वीज कुठे गायब होत नाही. तिची उष्णता होते. म्हणून तर स्विच आणि होल्डर गरम होतात.

एक-दीड व्होल्टनं काय एवढा फरक पडतो?

पडतो, आणि अंदाजापेक्षा बराच जास्त पडतो. हॅलोजन बल्बची फिलामेंट तापून पांढरी होते तेव्हा उजेड देते. व्होल्टेज थोडं कमी झालं की तिचं तापमान उतरतं आणि उजेड धपकन पडतो. ढोबळ नियम असा, व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड साधारण ३० टक्के कमी होतो.

धरून चाला की इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या पिनवर १२.३. गळती दीड व्होल्टची, म्हणजे ११ टक्के. उजेड मात्र जवळपास एक तृतीयांशानं कमी. रंगही पांढऱ्याकडून पिवळट-तांबूस होतो. आपण म्हणतो बल्ब जुना झाला, नवा बल्ब आणतो, तोही तसाच पेटतो आणि मग शंभर वॉटचा विचार सुरू होतो.

तुमच्या गाडीत किती गळती आहे, हे कसं मोजायचं?

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, गॅरेजवाले त्याला नुसतं मीटर म्हणतात. पद्धत अशी:

१. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू आणि रेस थोडी वाढवलेली. डिपर लावा.

२. मीटरच्या दोन्ही टोकांनी बॅटरीच्या प्लस-मायनसवर व्होल्टेज घ्या. चार्जिंग व्यवस्थित असेल तर साधारण १३.८ ते १४.४ दिसेल. इथेच १२.५ च्या आसपास आकडा असेल तर आधी अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल तपासा. हेडलाईटच्या वायरिंगचा प्रश्न नंतर.

३. आता बल्ब पेटलेलाच ठेवून होल्डरच्या मागच्या बाजूनं डिपरच्या पिनला आणि अर्थिंगच्या पिनला मीटर लावा. तो आकडा बॅटरीच्या आकड्यातून वजा करा. ही तुमची गळती.

४. मग मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थिंग पिनला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. इथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. जास्त आला तर गळती अर्थिंगमध्ये आहे.

इथे एक चूक फार जण करतात. होल्डर बल्बमधून काढून मीटर लावतात. मीटर बरोबर १३.८ दाखवतं आणि सगळे म्हणतात वायरिंग ठीक आहे. पण बल्ब काढला की करंट वाहतच नाही आणि करंट नसेल तर गळतीही दिसत नाही. शेवटच्या वाफ्याचं तोंड बंद करून पाईपचा दाब बघण्यासारखं आहे ते. त्यामुळे मोजायचं ते बल्ब पेटलेला असतानाच.

गळती अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावायची गरज नाही. एक व्होल्टच्या वर असेल तर काम करण्यात अर्थ आहे.

किट घेण्याआधी फुकटातली कामं

अर्थिंगचा बोल्ट सोडा, खालचा रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत करा, लग साफ करून परत घट्ट आवळा. बऱ्याच वेळा नुसत्या एवढ्यानं फरक दिसतो.

हेडलाईटची काच बघा. नव्या गाड्यांमध्ये ही काच नसून पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं. उन्हानं ते पिवळं आणि धुरकट होतं. ते पॉलिश करून घेता येतं. आतला रिफ्लेक्टर काळा पडला असेल किंवा त्याचा मुलामा उडाला असेल तर मात्र पूर्ण हेडलाईटच बदलावी लागते. तिथे कितीही वीज दिली तरी उजेड परत फेकायला आरसाच उरलेला नसतो.

बल्बची काच आतून करडी झाली असेल तर तो बल्ब बदला. नवा बल्ब लावताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर जळतं आणि बल्ब लवकर जातो.

आता मुख्य विषय: रिले किट करतं काय?

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. छोट्या करंटनं मोठ्या करंटची वाट उघडायची, एवढंच त्याचं काम. घरातल्या बटणानं विहिरीवरचा स्टार्टर चालू करावा तसं.

मूळ वायरिंगमध्ये १० अँपिअर करंट डॅशबोर्डमधून फिरून येत होता. रिले टाकल्यावर डॅशबोर्डमधून फक्त रिलेच्या कॉइलला लागणारा करंट जातो, तो साधारण ०.२ अँपिअर. तुम्ही दांडीनं डिपर मारता, तो निरोप रिलेला पोहोचतो आणि रिले बॅटरीतून थेट बल्बकडे जाणारी जाड वायर जोडून देतो. लांबचा फेरा संपला आणि स्विचवरचा भारही उतरला.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात:

- ३०: बॅटरीच्या प्लसकडून, फ्यूजमधून येणारी जाड वायर
- ८७: बल्बकडे जाणारी जाड वायर
- ८५ आणि ८६: कॉइलचे दोन पाय. एकाला जुन्या होल्डरमधून येणारा निरोप, दुसऱ्याला अर्थिंग

किटमध्ये दोन रिले असतात, एक डिपरचा आणि एक अप्परचा. गाडीचा एका बाजूचा मूळ होल्डर बल्बमधून काढून किटच्या प्लगला जोडतात. तो आता फक्त निरोप देतो. दुसऱ्या बाजूचा मूळ होल्डर रिकामा राहतो, तो नीट झाकून बांधून ठेवायचा. दोन्ही बल्बना किटमधले नवे होल्डर लागतात. मूळ वायर कापावी लागत नाही. उद्या किट काढलं तर गाडी पहिल्यासारखी होते.

आता तोच हिशोब परत. २.५ स्क्वेअर एमएमची २ मीटर वायर, १० अँपिअर करंट. गळती साधारण ०.१६ व्होल्ट. म्हणजे मघाच्या उदाहरणात १२.३ व्होल्टवर पेटणारा बल्ब १३.५ च्या आसपास पेटेल आणि आधीपेक्षा साधारण ३५ टक्के जास्त उजेड देईल. बल्ब तोच, ६०/५५ चा. बॅटरीवर येणारा भारही जवळपास तेवढाच.

याची एक किंमत आहे. पूर्ण व्होल्टेजवर पेटणारा बल्ब मंद पेटणाऱ्या बल्बपेक्षा लवकर जातो. त्यामुळे डिकीत किंवा सीटखाली एक जादा बल्ब ठेवायची सवय लावून घ्या.

जोडणीत इथे चुकतं

किट बसवायचं काम एखाद्या दुपारचं आहे. पण हीच दुपार घाईत उरकली तर पुढे महागात पडते.

फ्यूज: बॅटरीच्या प्लसपासून जितक्या जवळ तितका चांगला, वीतभर अंतराच्या आत. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कसलंही संरक्षण नसतं. तो तुकडा बॉडीला घासून शॉर्ट झाला तर बॅटरी आपली सगळी ताकद त्यात ओतते आणि वायर पेटते. फ्यूज न लावता केलेली जोडणी म्हणजे बोनेटखाली ठेवलेली काडेपेटी.

दोन वेगळे फ्यूज: बऱ्याच गाड्यांत कंपनीनंच डाव्या आणि उजव्या लाईटला वेगळा फ्यूज दिलेला असतो. स्वस्त किटमध्ये सगळ्यांना मिळून एकच असतो. तो उडाला की दोन्ही लाईट एका क्षणात बंद. सपाट रस्त्यावर एकवेळ निभावेल, घाटातल्या वळणावर नाही. म्हणून डिपरच्या रिलेला वेगळा आणि अप्परच्या रिलेला वेगळा फ्यूज लावून घ्या. एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी बाजूला घेता येते. ६०/५५ च्या बल्बला प्रत्येकी १५ अँपिअरचा निळा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून ३० चा हिरवा टाकणं हा उपाय नाही. फ्यूज उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय.

वायर: बाजारात काही किटची वायर दिसायला जाड असते, पण आत तांब्याच्या चार तारा आणि बाकी सगळं प्लास्टिक. टोक सोलून बघा. २.५ स्क्वेअर एमएम मागा. अर्थिंगची वायरही तेवढ्याच जाडीची हवी, कारण जेवढा करंट येतो तेवढाच परत जातो.

सांधे: तारा पिळून वर टेप गुंडाळणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. इंजिनच्या उष्णतेनं टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि उघडी तार बॉडीला लागते. लग दाबून बसवायचे आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवायची.

जागा: रिले उभे, पाय खाली असे बसवा म्हणजे पाणी साठत नाही. सायलेन्सरचा पाईप, रेडिएटरचा पंखा आणि बेल्ट यांच्यापासून वायर लांब ठेवा. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल तर रबरी वॉशर बसवा, नाहीतर हादऱ्यानं पत्रा वायर कापतो.

आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा. याला अपवाद नाही.

आणखी दोन गोष्टी. काही गाड्यांमध्ये कंपनीकडूनच हेडलाईटला रिले असतात, तिथे वेगळं किट टाकून विशेष काही मिळत नाही. काही गाड्यांत स्विच प्लसच्या ऐवजी अर्थिंगच्या बाजूला असतो आणि नव्या गाड्यांत हेडलाईट कॉम्प्युटरवरून चालतात. तिथे साधं किट सरळ बसत नाही. म्हणून आधी मीटरनं तपासणारा वायरमन शोधा. गाडी वॉरंटीत असेल तर काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला विचारून घ्या. नंतर शॉर्टसर्किट झालं तर पहिला प्रश्न बाहेरून केलेल्या वायरिंगचाच येतो.

रिले टाकलाच आहे, तर १००/९० चा बल्ब चालेल ना?

हा प्रश्न हमखास येतो. वायर आणि रिले तो करंट पेलतीलही. १०० वॉटचे दोन बल्ब साधारण १७ अँपिअर घेतात. पण हेडलाईटचा रिफ्लेक्टर आणि काच ६० वॉटच्या उष्णतेसाठी बनवलेली असते. जास्त उष्णतेनं रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो, प्लास्टिकची काच पिवळी पडते. वर्षभरात हेडलाईट अशी होते की मूळ बल्ब परत लावला तरी उजेड आधीपेक्षा कमी.

शिवाय असे बल्ब रस्त्यावर वापरण्यासाठी मंजूर नसतात. पाकिटावर बारीक अक्षरात 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. ते वाचायला आपण चष्मा काढत नाही, एवढंच.

आणि एलईडी?

कंपनीनं एलईडीसाठीच बनवलेली हेडलाईट उत्तम. इथे विषय हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खुपसण्याचा आहे.

एच-४ बल्ब काढून नीट बघा. डिपरच्या फिलामेंटखाली वाटीसारखा एक छोटा पत्रा असतो. तो खाली जाणारा उजेड अडवतो, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही तो या वाटीमुळे आणि फिलामेंटच्या नेमक्या जागेमुळे. ही जागा मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेली असते.

एलईडी बल्बमध्ये चिपचा आकार वेगळा आणि जागाही थोडी पुढे-मागे. रिफ्लेक्टरला ते समजत नाही, तो उजेड सगळीकडे उधळतो. झाडांचे शेंडे दिसतात, समोरच्या बाईकवाल्याचा चेहरा दिसतो आणि गाडीच्या अगदी पुढचा रस्ता झगमगतो. जवळचा रस्ता फार उजळला की आपल्या डोळ्याला वाटतं लाईट जबरदस्त आहे, पण लांबचं उलट कमी दिसतं. पावसात आणि धुक्यात हा उधळलेला उजेड पाण्याच्या कणांवर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो. माळशेजमध्ये पावसाळ्यात गाडी चालवलेल्यांना ही पांढरी भिंत ओळखीची असेल.

निळसर रंगाचे हॅलोजन बल्ब तर टाळाच. काचेवरचा निळा थर उजेडाचा काही भाग अडवतो. दिसायला फॅन्सी, कामाला कमी.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: फोकस

वायरिंग सुधारली, उजेड वाढला. आता तो पडतोय कुठे?

पिकअपची अडचण अशी की ती कधी रिकामी असते, कधी गच्च भरलेली. मागे माल भरला की गाडी मागून बसते आणि नाक वर होतं. हेडलाईट फक्त १ डिग्री वर झाली तरी १० मीटरवर उजेड साधारण साडेसतरा सेंटिमीटर वर जातो. म्हणजे रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला डिपर भरल्या गाडीत अप्परसारखा समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. वायरिंग सुधारल्यावर तर ३५ टक्के जास्त जोरानं.

तपासायची पद्धत सोपी आहे. सपाट जागेवर, टायरमध्ये बरोबर हवा भरून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. हेडलाईटच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कडा या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. कडा उजवीकडे सपाट आणि डावीकडे थोडी वर चढलेली दिसेल. हे बरोबर आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे डाव्या कडेचं लांबपर्यंत दिसावं आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये, अशीच ती रचना असते. हेडलाईटवर किंवा गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा.

हेच माप माल भरून परत घ्या. डॅशबोर्डवर हेडलाईट खाली-वर करायचं ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर ते यासाठीच आहे. माल भरला की आकडा वाढवायचा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०६ मध्ये तर मोजमापच दिलंय: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेड दिपवणारा नसावा.

मूळ वॉटचा बल्ब आणि बरोबर लावलेला फोकस ठेवलात तर रस्त्यावर पडणारा उजेड मंजूर चौकटीतच राहतो. जास्त वॉट आणि उधळणारे एलईडी ती चौकट मोडतात. मालवाहू गाडीला फिटनेस तपासणीला उभं राहावं लागतं आणि हेडलाईट तिथेही बघितली जाते.

उजेड वाढला, मग वेगही वाढवायचा?

शेवटचा हिशोब. ताशी ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. भरल्या पिकअपला थांबायला पुढे आणखी ५० मीटरच्या आसपास लागतात. एकूण ८० च्या वर. साध्या हॅलोजन डिपरमध्ये अंधारातली वस्तू नीट दिसते ती साधारण ५०-६० मीटरपर्यंत. ताशी ६० ला हाच आकडा ५० मीटरच्या आसपास येतो.

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, नगर भागात रात्री गाडी चालवणाऱ्यांना यामागचं गणित सांगायला नको. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी अचानक बंपरसमोर उभी राहते. तिथे ३५ टक्के जास्त उजेड म्हणजे काही मीटर आधी दिसणं आणि त्या काही मीटरवर एखाद्याचा जीव ठरतो. पण हे मीटर वाचतात ते वेग तोच ठेवला तर. लाईट चांगला झाला म्हणून वेग वाढवला की सगळं जिथल्या तिथे.

आणि हिशोबात आणखी एक माणूस आहे. समोरून येणारा. एकदा दिपलेल्या डोळ्यांना परत दिसायला काही सेकंद लागतात. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर, तेही आंधळेपणानं. त्या ५० मीटरमध्ये तो जिथे जाईल तिथे कदाचित तुमचीच गाडी असेल.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी मीटरनं मोजा, मग काच आणि अर्थिंग साफ करा, मग गरज असेल तर रिले किट, बल्ब मूळ वॉटचाच आणि शेवटी भरल्या गाडीचा फोकस. तुमच्या घरातलं, गावातलं कुणी रात्रीची गाडी चालवत असेल तर मोठा बल्ब घ्यायला निघण्याआधी त्यांना हे वाचायला नक्की पाठवा.